तीनच्या आत

बोरिवली पश्चिम
६ जानेवारी २०२५

केयूर,

मावशीची मेल बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण हल्ली मी फोन हातात घेतला की तुझे काका टीव्हीचा आवाज बंद करून शेजारी येऊन बसतात. म्हणून त्यांच्या दुपारच्या झोपेत एका बोटाने टाइप करते आहे.

काकांचे डोळे पिवळे झाले होते. मला वाटलं साधी कावीळ, आठवडाभर उसाचा रस पाजला. फरक पडेना तेव्हा इथल्या डॉक्टरांनी स्कॅन काढायला लावला. स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल, मोठं आहे, आणि ते रोज करणाऱ्या ठिकाणीच करा असं त्यांनी बजावलं. दोन नावं दिली. एक तुमचं मुलुंडचं हॉस्पिटल आणि दुसरं अंधेरीचं, तिथे डॉ. शीतल कांबळे म्हणून आहेत.

काकांना एवढंच सांगितलंय की गाठ आहे आणि काढायची आहे. त्यांनी लगेच विचारलं, "मग पापलेट कधीपासून चालेल?" मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

तू त्याच विभागात काम करतोस, तेव्हा तू सांगशील तिथे आम्ही जाऊ. मनातून तुझ्याकडेच यायचं आहे. पण मावशी आहे म्हणून भिडेने सांगू नकोस, खरं काय ते सांग. मला घाबरायला होतंय रे.

सुनंदामावशी


मुलुंड पूर्व
७ जानेवारी

मावशी,

आधी रडणं बंद कर. स्कॅनची फाईल मी नीट बघितली. गाठ लहान आहे, आजूबाजूला चिकटलेली नाही. काढता येईल, आणि काढायलाच हवी.

तू विचारणारच, म्हणून ऑपरेशनचं आधीच सांगतो. स्वादुपिंडाचा गाठीचा भाग कापायचा आणि उरलेला आतड्याला शिवायचा. कापणं अवघड नाही, शिवण टिकणं अवघड. स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ असतं आणि त्याचा रस अन्न पचवणारा. शिवणीतून तो पोटात गळला की आतलंच मांस पचवायला लागतो. त्यातून पू होतो, ताप येतो, कधी रक्तस्राव होतो. ऑपरेशननंतरची खरी लढाई तीच.

या त्रासाला आम्ही एक ते पाच नंबर देतो. किरकोळ असेल तर एक. औषधांनी, रक्त देऊन भागलं तर दोन. सुई किंवा नळी घालावी लागली, पोट पुन्हा उघडावं लागलं तर तीन. किडनी, फुप्फुस असं काही बंद पडून आयसीयूत न्यावं लागलं तर चार. पाच म्हणजे माणूस गेला.

आता ऐक. आमच्याकडे तीन आणि त्याच्या वरचे पेशंट अगदी थोडे. अंधेरीला जवळजवळ दुप्पट. आमचा आकडा तर लॉबीत बोर्डावर मोठ्या अक्षरांत लावलाय. आमचे विभागप्रमुख नंदकिशोर सर, त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही, आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला मी असेन. यात भीड कसली? काकांना इकडेच आण. ३ फेब्रुवारीची तारीख धरून ठेवतो.

केयूर


बोरिवली
१० जानेवारी

डॉक्टरसाहेब,

तुझी मेल दोनदा वाचली. लोणी आणि शिवणीचं समजलं. असंच सांगत जा.

आता माझी एक खोड आहे ती तुला माहीत आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरांची मी मॉडरेटर होते, म्हणजे दुसऱ्यांनी तपासलेले पेपर पुन्हा बघायचं काम. एकच निबंध एका बाईंनी आठ मार्कांचा ठरवलेला आणि दुसरीने चार मार्कांचा, असं रोज बघायचे. दोघीही प्रामाणिक. म्हणून विचारते. हे नंबर देतं कोण? ज्यांनी ऑपरेशन केलं तेच? आमच्याकडे स्वतःच्या शाळेचे पेपर कुणाला तपासायला देत नव्हते. आणि तुमच्याकडे ज्याला दोन नंबर मिळाला, त्याला अंधेरीच्या बाईंनीही दोनच दिला असता का?

रागावू नकोस. काविळीसाठी आतून नळी बसवली, डोळे पांढरे व्हायला लागलेत. काका सारखं विचारतात, "आपला केयूर असणार ना आत?" असणार म्हटलं की शांत झोपतात.

मावशी


मुलुंड
१२ जानेवारी

मावशी,

तुला सर्जन करायला हवं होतं, अख्ख्या वॉर्डाची वाट लावली असतीस.

हो, नंबर आम्हीच देतो. सगळीकडे तसंच आहे. नियम छापील आहेत, जगभर तेच. निबंधाचं वेगळं, इथे नळी घातली किंवा नाही घातली, एवढाच प्रश्न असतो.

पण गंमत बघ, तुझ्या डोक्यातलंच काम सध्या चाललंय. मुंबईतल्या काही हॉस्पिटलांनी मिळून जुन्या पेशंटांच्या हकिगती गोळा केल्यात, नावं काढून. प्रत्येक सर्जनने एकट्याने वाचून नंबर द्यायचे आणि मग किती जुळतात ते बघायचं. मी माझे परवाच पाठवले. या महिन्यातच अंधेरीला सगळे बसणार आहोत. जुळतील, काळजी नको.

इकडे काम खूप आहे. शकुबाई म्हणून घाटकोपरच्या भटवाडीतल्या एक बाई आहेत, शाळेत शिपाई होत्या. काकांसारखंच ऑपरेशन झालंय. थोडा ताप आहे, सर म्हणाले बघू. त्यांची मुलगी राधा सारखी मागे असते, त्यामुळे घरी यायला उशीर होतो.

काकांना म्हणावं, आत मीच असणार.

केयूर


बोरिवली
१५ जानेवारी

केयूर,

तुझ्या मेलने जीव भांड्यात पडला. अंधेरीची घेतलेली वेळ मी आजच रद्द केली. तिथल्या मुलीने विचारलं, "काय झालं काकू?" मी ऐटीत सांगितलं की आमचा भाचाच सर्जन आहे.

काका खुशीत आहेत. गोराईच्या कोळणीला त्यांनी आगाऊ बजावून ठेवलं, मार्चमध्ये मोठा पापलेट हवा. ती म्हणाली, "आधी बरे तर व्हा." घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं.

तू जेवतोस ना वेळेवर? त्या शकुबाई बऱ्या झाल्या असतील. मुलीवर चिडू नकोस, माझ्यासारखीच घाबरलेली असेल.

मावशी


मुलुंड
२३ जानेवारी

मावशी,

उत्तराला उशीर झाला. ३ तारखेचं जरा पुढेमागे होईल असं दिसतंय. काकांना अजून काही सांगू नकोस.

आणि अंधेरीची वेळ पुन्हा घेऊन ठेव. दुसरं मत असलेलं बरं. शीतल मॅडमची ओपीडी शनिवारी असते. सगळे रिपोर्ट घेऊन जा.

बाकी ठीक.

केयूर


बोरिवली
२३ जानेवारी, संध्याकाळ

केयूर,

बाकी ठीक म्हणजे काय?

पंधरा दिवसांपूर्वी भीड कसली म्हणालास आणि आज दुसरं मत? स्कॅनमध्ये काहीतरी दिसलंय तुला. गाठ पसरली आहे आणि ती काढता येणार नाही, हेच ना? म्हणून तू अंग काढून घेतोयस, म्हणजे वाईट बातमी परक्याने द्यावी. मी दुपारपासून यांच्या तोंडाकडे बघू शकलेली नाही. त्यांनी विचारलं, "केयूरची मेल आली का?" मी खोटं बोलले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात इतकी मोठी थाप मी मारली नव्हती.

फोन करू नकोस, हे शेजारी आहेत. सरळ लिही. माझा नवरा वाचण्यासारखा आहे की नाही?

सुनंदा


मुलुंड
२४ जानेवारी

मावशी,

आहे. वाचण्यासारखेच आहेत. स्कॅन पहिल्या दिवशी जसा होता तसाच आहे, गाठ काढता येणारी आहे. तुला एक संध्याकाळ तशी काढावी लागली, त्याची लाज वाटते. लपवत होतो ते काकांबद्दलचं नव्हतं. आमच्याबद्दलचं होतं.

अंधेरीची बैठक मंगळवारीच झाली. एकवर सगळे जुळले आणि पाचवर सगळे जुळले. मधल्या नंबरांत नुसता गोंधळ. आणि गोंधळातही एक गोष्ट स्पष्ट होती, आमच्या हॉस्पिटलचे सगळेजण सगळ्यांना कमी नंबर देत होते. त्यात मीही आलो.

एक हकिगत मी वाचतानाच ओळखली होती. एकच किडनी असलेला माणूस. राजाराम, आमचाच पेशंट. दोनदा सुईने पू काढला होता, नळी बरीच उशिरा घातली, मग आयसीयूत डायलिसिस. मी त्याला दोन दिला होता. आमच्याकडे असंच चालतं. सुई खाटेवरच घातली तर ती धरायची नाही, आधीची नळी आत सरकवली तर ती नवी नाही, आयसीयूत नेलं ते फक्त नजर ठेवायला. शीतल मॅडमनी त्याला चार दिला होता. सर म्हणाले, आमचा दोनही नियमात बसतो. बोलायला सर फार हुशार आहेत.

मग मॅडमनी सरांना सोडून मला विचारलं, "स्कॅनवर पू दिसला तेव्हापासून नळी घालेपर्यंत तुम्ही कशाची वाट बघत होतात?"

मावशी, मी समोरचे कागद चाळायला लागलो. उत्तर मला ठाऊक होतं. रोज सकाळी राउंडला सर प्रत्येक खाटेपाशी विचारतात, "तीनच्या आत ना?" आम्ही म्हणतो, हो सर. नळी घातली की तीन होतो. म्हणून आम्ही अँटिबायोटिक बदलतो, बघू उद्या म्हणतो. उद्या पुन्हा बघू उद्या. सर वाईट नाहीत, खोटं लिहीत नाहीत, त्यांना खरंच वाटतं की थांबण्यानेच पेशंट बरे होतात. बरेच होतातही. पण नंबर द्यायला आम्ही नंतर बसत नाही गं, आधीच देऊन टाकतो आणि मग पेशंटने त्यात बसावं म्हणून थांबतो. इतकी वर्षं मला हे चुकीचं वाटलंच नाही. संयम म्हणतो आम्ही त्याला.

बैठकीहून परत आलो तर शकुबाई व्हेंटिलेटरवर होत्या. त्यांच्या पोटात पू आहे हे आम्हाला त्या आधीच्या आठवड्यात दिसलं होतं. मी सरांना एकदा म्हणालो होतो, नळी घालूया का? ते म्हणाले, बघू उद्या. मी हो सर म्हणालो.

काकांना अंधेरीला ने. मी शीतल मॅडमशी बोललोय. त्यांच्याकडे तीनवाले जास्त आहेत कारण त्या लगेच हात घालतात आणि घातला की तसं लिहितात. मी पाठवलं हे सरांच्या कानावर गेलं तर माझं इथलं संपेल. तरी ने.

केयूर


बोरिवली
२५ जानेवारी

केयूर,

अंधेरीला जाऊन आलो. बाई फटकळ आहेत. काकांना म्हणाल्या, "गळणार नाही अशी गॅरंटी मी देत नाही. गळलं तर झोपणार नाही, एवढं सांगते." काकांना आवडल्या. १० तारीख मिळाली आहे. तू आत नसणार हे मी तिथेच सांगितलं. नंतर रिक्षात म्हणाले, "त्याला सुट्टी नसेल मिळत."

आता माझं ऐक. तुझा राग आला आहे. माझ्या माणसाला तू त्या खाटेवर झोपवणार होतास, आणि मी ऐटीत सगळ्यांना सांगत सुटले होते. तो राग जाईल, तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस. दुसरी गोष्ट मात्र जात नाहीये. आपल्या माणसाला तू वेळेवर हलवलंस. शकुबाईंना कोण हलवणार? त्यांच्या मुलीला हे कुणी सांगितलंय का? की ती अजून तुझ्या मागे मागे फिरते आणि तू तिला बघू उद्या सांगतोस?

काल देवापुढे बसले होते. यांच्यासाठी मागणं मागताना त्या बाईंचं नाव तोंडात आलं. पुढे काय म्हणावं ते कळेना, उठले.

मावशी


मुलुंड
२८ जानेवारी

मावशी,

तुझी मेल वाचून ड्युटीवर गेलो तो थेट आयसीयूत. सरांना म्हणालो, आज पोट उघडायचंच, तुम्ही नसाल तर मी उघडतो. ते स्वतःच आले हात धुवायला. पोट उघडलं, धुतलं, नळ्या घातल्या. सरांचे हात नेहमीसारखेच, तिळभर चूक नाही. पण उशीर झाला होता, ते दोघांनाही दिसत होतं.

मग राधाला बाहेर बाकावर बसवून सांगितलं. नळी आधी घालायला हवी होती, आम्ही थांबलो, ते चुकलं. मला वाटलं ती ओरडेल. अंधेरीला एका ऑफिसात कामाला आहे, चांगली तडफदार मुलगी. ती एवढंच म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगा ना. तुमचं माणूस असतं तर काय केलं असतं?"

हा प्रश्न आम्हाला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. त्याचं उत्तर तयार असतं, हेच केलं असतं. मला ते देता आलं नाही. मी म्हणालो, माझ्या काकांचं हेच ऑपरेशन आहे, मी त्यांना दुसरीकडे पाठवलंय.

ती उठून आयसीयूच्या दारापाशी जाऊन उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही.

कालपासून ऑपरेशनच्या यादीत माझं नाव नाही. सर माझ्याशी बोलत नाहीत. काकांना सांग, सुट्टी आता भरपूर आहे, १० तारखेला मी अंधेरीला बाहेर बसलेला असेन.

केयूर


बोरिवली
२६ फेब्रुवारी

केयूर,

काका काल घरी आले. तू दारापर्यंत सोडून लगेच पळालास, चहासुद्धा घेतला नाहीस.

ऑपरेशननंतर यांना ताप चढला तेव्हा तू माझ्या शेजारी होतास, तुझा चेहरा बघूनच मला कळलं की गळलंय. शीतलबाई आल्या, स्कॅन झाला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत नळी घालून बाई बाहेरसुद्धा आल्या. "घातली," म्हणाल्या, "आता वाट बघायला हरकत नाही." मी त्यांचे हात धरले तर त्यांनी सोडवून घेतले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

घरी सोडताना मी विचारलं, "नंबर किती दिला यांना?" हसल्या. "तीन," म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या वाईट आकड्यात तुझे काका आता कायमचे जाऊन बसले. कुणी माझ्यासारखी बाई तो आकडा बघेल आणि घाबरून दुसरीकडे जाईल. तिला कसं सांगायचं रे, की त्या आकड्यातला एकजण आमच्याकडे मऊ भात आणि मेतकूट खातोय आणि मीठ कमी आहे म्हणून कटकट करतोय?

हे विचारतात, केयूर आला तर गप्प का असतो? मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तू सांगायचं तर सांग. माझा राग गेला आहे, हे मात्र आजच सांगते.

शकुबाईंचं तू लिहिलं नाहीस. मी विचारायला घाबरते.

मावशी


मुलुंड
२ मार्च

मावशी,

शकुबाई शुक्रवारी सकाळी गेल्या. मधे दोन दिवस बरं वाटलं होतं, श्वासाची ट्यूब काढली होती, राधाने चमच्याने पाणी पाजलं. मग रक्तस्राव झाला. या वेळी कुणीही थांबलं नाही, सर स्वतः धावत आले. उपयोग झाला नाही.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, राजीनामा मागणार. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "सोमवारपासून राउंड तू घे. मला विचारायचं नाही, जे दिसेल ते कर." मी नेहमीसारखं हो सर म्हणणार होतो, तेवढ्यात थांबलो आणि म्हणालो, तो लॉबीतला बोर्ड आधी काढा. बोर्ड अजून आहे. उद्या सोमवार आहे, मी जाणार आहे, पुढचं माहीत नाही.

तुझा राग गेला हे वाचून मी वॉर्डातल्या बाथरूममध्ये जाऊन रडलो. पण तू लिहितेस तितकं ते सोपं नाही, कारण शुक्रवारची एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे.

कागदपत्रं झाली, भटवाडीहून माणसं आली, गाडी लागली. मी खाली गेलो होतो, लांबच उभा होतो. पुढे जायची हिंमत नव्हती. राधा गाडीत बसता बसता थांबली आणि माझ्याकडे चालत आली. मी मनाची तयारी केली, ती जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी साधा होता. टोमणा नव्हता त्यात, मावशी, मी शपथेवर सांगतो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमचे काका कसे आहेत?"

मी म्हणालो, बरे आहेत.

केयूर